संशयाचा फायदा

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे ढकलली, की दोन-चार दिवसांत कौन्सिलची गवत कापायची गाडी आमच्या भागात येते. इंग्लंडातल्या आमच्या या मिल्टन कीन्समध्ये गवताला तोटा नाही. प्रत्येक राउंडअबाउटवर गवत, रेडवेच्या, म्हणजे पायी आणि सायकलवाल्यांच्या त्या लालसर वाटांच्या दोन्ही अंगांना गवत, शाळेमागे गवत, तळ्याकाठी गवत. वर्षातली पहिली कापणी झाली की त्या ओल्या हिरव्या वासाने अख्खं गाव भरून जातं. ऑफिसातली माणसं खिडक्या उघडून, आला बाबा एकदाचा स्प्रिंग, म्हणत लांब श्वास घेतात. मी माझ्या बाजूची खिडकी लावून घेतो. का, ते कुणाला सांगायची सोय नाही. लोकांना वाटतं मला गवताची ॲलर्जी, हे-फीव्हर, आहे. मीही तेच सांगतो.

तो वास मला थेट एका घडीच्या खुर्चीत नेऊन बसवतो. सहा वर्षांपूर्वीचा उन्हाळा, शाळेमागचं कौन्सिलचं मैदान, मांडीवर स्कोअरबुक, कानामागे पेन्सिल, आणि समोर लांबवर, इतकी लांब की चेहरा दिसत नाही, नुसती उभं राहायची ढब ओळखू येते, अशी आमची सई. आमची एकुलती एक. तेव्हा चौदा संपून पंधरावं लागलं होतं. ती बेसबॉल खेळायची, सेंटर फील्डला. मैदानाच्या अगदी टोकाला तीन जण उभे असतात, उंच उडालेले चेंडू पळत जाऊन धरायला. त्यातली ती मधली. आता ती लीड्सला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बेसबॉल खेळत नाही. का सोडलंस असं कुणी विचारलं तर अभ्यास, वेळ आणि गुडघा अशी तीन कारणं सांगते. चौथं कारण मी आहे. ते ती सांगत नाही.

बेसबॉल आमच्या घरात कसा शिरला हे मीनलला, माझ्या बायकोला, अजून उमगलेलं नाही. इंग्लंडात राहून क्रिकेट नाही, फुटबॉल नाही, हे अमेरिकन खूळ कुठलं? लायब्ररीच्या नोटिसबोर्डावर कागद लागला होता, मुलंमुली एकत्र खेळतात, पहिले तीन रविवार फुकट. एवढ्यावर ती गेली आणि तिथलीच झाली. मी खट्टू झालो, कारण क्रिकेटचं सगळं शिक्षण मी तिला घराच्या मागे आधीच देऊन बसलो होतो. आमचं गार्डन म्हणजे दोन चादरी वाळत घातल्या की संपलं, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या पॅमेलाबाईंची काचेची खोली. त्यामुळे आमच्या क्रिकेटचा पहिला आणि शेवटचा नियम एकच: चेंडू हवेत मारायचा नाही. काच फुटली तर बसवून देता आली असती हो. पण त्या इंडियन लोकांची मुलगी, असं कुणी म्हणायला नको. सहा वर्षांची असल्यापासून ती बॅट वरून खाली आणायची, चेंडू जमिनीला दाबायची, आणि मी टाळ्या वाजवायचो. काच शेवटपर्यंत शाबूत राहिली.

बेसबॉलला नेमकं उलटं हवं असतं, हे मला उशिरा कळलं. तिथे चेंडू उचलून लांब फेकायचा. जमिनीवरून गेलेला चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकांच्या पायाशी जातो, ते तो उचलून पहिल्या बेसवर, म्हणजे मारणाऱ्याने गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, फेकतात, आणि मारणारा पळत पोचायच्या आत आउट. सईचे फटके कडक असायचे, पण जमिनीवरून. तिचे कोच डेरेक, पेशाने सुपरमार्केटची डिलिव्हरी व्हॅन चालवणारा साठीचा माणूस, त्यांनी पहिल्या महिन्यातच विचारलं की हिला हे कुणी शिकवलं. सईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, माझं मीच शिकले. पोरीने बापाला वाचवलं, आणि बाप त्यावर खूश झाला.

मी स्कोअरर झालो तो माझ्या स्वभावामुळे. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि ती नीट लिहून ठेवायची, हे मी पंचवीस वर्षं करतोय. क्लबकडे स्कोअरबुक होतं, लिहायला कुणी नव्हतं. बाकीच्या आया-बापांना ऊन खायचं असायचं, गप्पा मारायच्या असायच्या. मी दोन रविवारांत नियमांचं पुस्तक वाचून काढलं, टोक केलेल्या चार पेन्सिली आणि एक पांढरं खोडरबर डब्यात घालून हजर झालो. डेरेक म्हणाले, क्लबच्या इतिहासात इतकं स्वच्छ पुस्तक कुणी ठेवलं नाही. मी ते घरी येऊन मीनलला दोनदा सांगितलं.

आता त्यातली एकच गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे. एखादीने फटका मारला आणि ती पहिल्या बेसवर सुखरूप पोचली, तर स्कोअररने ठरवायचं की ती कशामुळे पोचली. फटका चांगला होता म्हणून पोचली, तर तिच्या नावावर हिट. समोरच्याने सोपा चेंडू हातातून सोडला म्हणून पोचली, तर त्याच्या नावावर एरर, आणि तिच्या खात्यात काहीच नाही, जणू ती आउटच झाली. पोचली दोन्ही वेळा, उभी दोन्ही वेळा त्याच बेसवर, धापा टाकत, कपड्यांना माती लागलेली. फरक फक्त खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पेन्सिलीचा. अंपायर त्यात पडत नाही. आणि नियम तरी काय सांगतो? सर्वसाधारण प्रयत्नाने धरता आला असता का ते बघा. आता तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा सर्वसाधारण प्रयत्न म्हणजे काय, हे कोण सांगणार? मीच.

दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत माझा हात सढळ होता. संशयाचा फायदा नेहमी मारणाऱ्याला. एका पोराचे फटके इतके मरगळलेले असायचे की चेंडू वाटेत विश्रांती घेतोय असं वाटावं, पण त्यालाही मी दोन हिट दिल्या, त्याची आई एकटीने त्याला वाढवतेय म्हणून. सई आली की मात्र माझी पाठ ताठ व्हायची. फटका जमिनीवरून, समोरच्याच्या ग्लोव्हला लागून उडालेला, सई पोचलेली. शेजारच्या खुर्चीवरची बाई वळून म्हणायची, हिट ना? आणि मी कोर्टातल्या कारकुनासारखा गंभीर चेहरा करून ई लिहायचो. एरर. त्या उन्हाळ्यात असे नऊ चेंडू झाले. मला नऊच्या नऊ आठवतात, कोणत्या मैदानावर, किती वाजता, ऊन होतं की ढग, सगळं.

हे मी शिकलो ते दादांकडून. दादा म्हणजे माझे वडील, परभणीकडच्या एका तालुक्याच्या शाळेत मास्तर, आणि सातवी-आठवीला मी त्यांच्याच वर्गात. माझा गणिताचा पेपर ते दोनदा तपासायचे, आणि दुसऱ्या वेळी हटकून दोन मार्क कमी व्हायचे. एकदा मी धीर करून विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराला दिले तर मास्तर उदार आहे म्हणतील. तुला दिले तर काय म्हणतील, ते तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. आमची वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला होती आणि विहाराच्या अलीकडे कोण येत नव्हतं, हे मला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. आम्हाला काही मिळालं की ते कुणीतरी दिलेलं असतं, कमावलेलं नसतं, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. पुढे मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मार्क इतके होते की कुठल्याही यादीत नाव आलं असतं, तरी पेढा खाताना लोक डोळे बारीक करायचे. म्हणून दादांनी कुणाला बोट ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही. मला त्यांचा राग नाही आला. उलट ते गेलेले दोन मार्क मी आयुष्यभर मिरवले. पण ते गाव होतं, हे मिल्टन कीन्स आहे. डेरेकना माझं आडनाव धड म्हणता येत नाही, ते कोणत्या वस्तीचं आहे हे त्यांना काय कळणार! ज्यांच्या नजरेच्या धाकाने मी माझ्या मुलीला कमी देत होतो, ती माणसं त्या मैदानावर नव्हतीच. ती हजारो मैलांवर होती, आणि त्यातली बहुतेक मेलीसुद्धा होती.

सईचं धावणं मात्र मला लिहावं लागत नव्हतं, नुसतं बघायचं होतं. फटक्याचा आवाज झाला की बाकीची पोरं आधी वर बघायची आणि मग पळायची. ती आधी वळायची. चेंडू कुठे पडणार हे तिला आवाजावरून कळायचं, पाठमोरी दहा-पंधरा पावलं पळून ती मान वळवायची, आणि चेंडू तिथे असायचा. एकदा भुरभुर पावसात तिने कुंपणाजवळ असा एक झेल घेतला की समोरच्या टीमच्या आयांनी छत्र्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. घरी परतताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, ती बॉल मला आधीच दिसली होती." तिचं मराठी असं. मीनल हसली आणि तिला चेंडूचं लिंग सांगत बसली. मी आरशात तिचे ओले केस बघत होतो. तो झेल मी पुस्तकात अगदी नीट लिहिला होता. झेलात संशय नसतो ना, म्हणून.

पण आउटफिल्डला, म्हणजे टोकाच्या त्या तिघांत, नुसतं धावून भागत नाही. हे डेरेकनी मला एका रविवारी गाडीच्या डिकीत बॅटी ठेवता ठेवता समजावून सांगितलं. तिथे उभं राहणाऱ्याकडून धावांची अपेक्षा असते. बॅट चालली तर ती कुठल्याही टीमच्या पहिल्या नावांत असेल. नाही चालली तर शेवटच्या डावात बदली म्हणून, एखादा झेल वाचवायला. ऑगस्टच्या शेवटी प्रादेशिक संघ निवडला जाणार होता आणि त्यांच्या मते सईचं नाव त्यात यायला हवं होतं, बॅटर म्हणून. मी विचारलं, कशावरून? चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगात पुढे काय आहे, हे तुम्ही कसं ओळखता?

डेरेकच्या खुणा साध्या होत्या. फटका मारल्यावर ते चेंडूकडे बघतच नसत. पाठ करून उभे राहत आणि बॅटचा आवाज ऐकत. ती वाईट चेंडूला हात लावत नाही, म्हणाले, डोळा चांगला आहे. मनगटं झटपट आहेत. बॅट वरून खाली येते ती सवय आहे, ती मोडता येते. आवाज मात्र शिकवता येत नाही, आणि तिचा आवाज बरोबर आहे. अंग भरलं की दोन वर्षांत हेच चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जातील. मग त्यांनी मला सरळ विचारलं, तू सगळं लिहितोस, तुला काय वाटतं, ती मारेल का?

यावर बाप काय म्हणतो? मी म्हणालो, अजून पुरेसा डेटा नाही. खरंच असं म्हणालो. डेरेकनी डिकीचं झाकण लावलं.

मीनलला हे कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. मला म्हणाली, तुझ्या त्या पुस्तकात सगळ्यांची पोरं खेळतात आणि आपली एकटी परीक्षेला बसलेली असते. मी नियम सांगायला गेलो. तिने पीठ झटकलं आणि विचारलं, नियम सगळ्यांना सारखा लावतोस का? मी म्हणालो, हो. हे मी खोटं बोललो, आणि बोलताना मला ते खोटं वाटलंही नाही, इतकी ती सवय मुरलेली होती.

ब्रॅकनेल या गावच्या टीमशी मॅच जुलैत होती. एम पंचवीस हायवेवर गाड्यांची रांग, दीड तास उशीर, उतरलो ते थेट मैदानावर. त्यांचा स्कोअरर एक पांढऱ्या दाढीचा सरदारजी होता, नातवासाठी येणारा. दोन्हीकडचे स्कोअरर शेजारी बसतात आणि एकमेकांशी ताळा करत लिहितात. त्यांनी थर्मासमधला चहा मला दिला. चौथ्या डावात सई बॅटिंगला आली. पहिले दोन वाईट चेंडू तिने सोडले. तिसऱ्यावर तिने जो फटका मारला त्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. चेंडू जमिनीला लागला न लागला आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या, पोराने आडवी उडी घेतली. चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या टोकाला चाटून मागे गवतात गेला. सई पहिल्या बेसवर सुखरूप पोचली. सरदारजी म्हणाले, वा, काय मारलाय, आणि त्यांनी हिट लिहिली. मी म्हणालो, पोराच्या ग्लोव्हला लागला होता. ते म्हणाले, बिचाऱ्याने उडी मारली म्हणून लागला, दुसरा कुणी असता तर हललाही नसता. मग त्यांनी विचारलं, मुलगी कोणाची? मी म्हणालो, माझी. ते हसले आणि म्हणाले, मग तर लिहून टाका.

तेवढं एक वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं. मी ई लिहिला. पोरांच्या मॅचला दोन पुस्तकं जुळतात की नाही हे कुणी बघत नाही. त्यांनी त्यांचं लिहिलं, मी माझं. ब्रॅकनेलमध्ये कुणाच्या तरी कपाटात एक पुस्तक असेल, त्यात माझ्या मुलीची ती हिट आहे. मला कधी कधी वाटतं, जावं, दार वाजवावं आणि ते पान नुसतं बघून यावं.

ऑगस्टमध्ये डेरेकनी पुस्तक मागितलं. निवडीचं काम हेलन नावाच्या एक बाई बघत होत्या; त्यांनी सईला एकाच मॅचमध्ये पाहिलं होतं, बाकी भिस्त पुस्तकावर. पानं स्कॅन करून पाठवायची होती. शनिवारची दुपार, मीनल आणि सई दुकानात गेलेल्या. मी टेबलावर पुस्तक उघडलं, आणि डब्यातलं पांढरं खोडरबर बाहेर काढून शेजारी ठेवलं. नऊ ठिकाणी एक अक्षर. त्यातले तीन चेंडू खरोखर एरर असतील, मान्य. दोन इकडचे-तिकडचे. उरलेले चार मी दुसऱ्या कुणालाही डोळे झाकून दिले असते, आणि ब्रॅकनेलचा तर देवालासुद्धा नाकारता आला नसता. पण आता बदललं तर ती खाडाखोड. आता बदललं तर दादांच्या भाषेत, बोट ठेवायला जागा. गाडी दारात आल्याचा आवाज झाला तेव्हा मी शेवटचं पान स्कॅन करत होतो. खोडरबर जसंच्या तसं डब्यात गेलं.

निकाल ईमेलने आला. सईने तो किचनमध्ये उभ्यानेच वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. क्षेत्ररक्षण असामान्य, धावणं उत्तम. बॅटिंगमध्ये सध्या सातत्य दिसत नाही. राखीव आउटफिल्डर म्हणून संघात घेत आहोत; शेवटच्या डावांत बदली खेळाडू म्हणून उपयोग होईल. मीनल म्हणाली, अगं, घेतलंय की! सई म्हणाली, हो, घेतलंय. मग तिने फ्रिज उघडला, काहीही न घेता बंद केला, आणि वर निघून गेली.

ती पुढचे दोन उन्हाळे त्या संघात होती. आम्ही तिला पहाटे उठून कुठे कुठे नेलं. सहा डाव ती बाकावर जॅकेट घालून बसायची, सातव्याला पळत सेंटर फील्डला जायची, क्वचित एखादा चेंडू यायचा, तो धरायची. बॅट तिच्या हातात जवळजवळ कधी आलीच नाही. अंग भरलं, उंची वाढली, डेरेक म्हणायचे तेच वय आलं. ते चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून गेले असते का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मारायला मिळालंच नाही तर कळणार कसं?

आमचं इथलं मंडळ एप्रिलात जयंती करतं, हॉल भाड्याने घेऊन. दरवर्षी ती आणि संघाचा पहिला सराव एकाच रविवारी यायचे. पहिल्या वर्षी सई सरावाहून थेट आली होती, गुडघ्यांना माती, टोपी काखेत, आणि तशीच वंदनेला उभी राहिली. आमचे एक ज्येष्ठ डॉक्टरकाका कौतुकाने म्हणाले, मुख्य टीममध्ये आली की सांगा, पोरांपुढे नाव घेऊ, आपली मुलगी स्वतःच्या बळावर गेली म्हणून. मी मान डोलावली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं नाही.

खरा घाव मला बसला तो असाच, सहज. निकालानंतर महिनाभराने डेरेक मैदानाच्या कार पार्कात भेटले. त्यांनी हेलनबाईंशी भांडून पाहिलं होतं, या मुलीच्या बॅटचा आवाज ऐका म्हणून. मग ते थांबले, सांगू की नको असं झालं त्यांना. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हेलनचं म्हणणं पडलं, पुस्तक बापाने लिहिलंय. म्हणजे आहे तेसुद्धा थोडं वाढवूनच असणार."

मी हसलो. दुसरं काय करणार? बाप आपल्या लेकराला झुकतं माप देणारच, ही इतकी साधी गोष्ट, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने गृहीत धरावी अशी. त्या बाईंनी ती धरली आणि माझ्या कंजूष आकड्यांतून आणखी थोडं वजा केलं. नंतर मी हेलनबाईंना सविस्तर ईमेल लिहिला, नऊ चेंडूंचं वर्णन करून. त्यांचं अतिशय सभ्य उत्तर आलं: पालकांच्या भावना आम्ही समजू शकतो. दादांना हे सांगायला हवं होतं, पण दादा तोवर नव्हते. असते तरी त्यांनी चष्मा पुसला असता, आणखी काय.

सईला मी यातलं काही सांगितलं नाही. बाकीची पोरं डाव संपला की खुर्चीभोवती गोळा व्हायची, माझी हिट होती का, माझी हिट होती का. ती कधीच विचारायची नाही. मला वाटायचं तिला त्यात रस नाही. लेकीच्या मनातलं ओळखायची अक्कल आपल्याला आहे, असं समजून मी किती वर्षं काढली.

यंदा ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी डेरेकचा फोन आला. बारा वर्षांखालच्या पोरांची सरावाची मॅच आहे, स्कोअरर नाही, येशील का? मी त्या उन्हाळ्यानंतर पेन्सिल हातात धरलेली नाही, हे त्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी एकदा विचारतात. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर सईने फोन घेतला आणि म्हणाली, मी येते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तू पण चल, खुर्ची उचलायला कुणीतरी पाहिजे.

गवत सकाळीच कापलेलं होतं. मी तिच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसलो, पेन्सिलीचा डबा मांडीवर घेऊन. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, चौकटीबाहेर जातं. दुसऱ्या डावात एक बारकीशी मुलगी बॅटिंगला आली, हेल्मेट डोळ्यांवर घसरणारं. तिने चेंडू जमिनीवरून मारला, समोरच्या पोराच्या हातून तो निसटला, आणि ती दोन्ही हात हवेत धरून बेसवर पोचली. माझ्या तोंडून निघून गेलं, उचलायला हवा होता त्याने. सई म्हणाली, माहितीये, आणि तिने हिट लिहिली. शांतपणे, ठळक. मग पान न उलटता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"ब्रॅकनेलला मी फर्स्ट बेसवर उभी राहून तुझ्याकडे बघत होते. तुला दिसलं होतं?"

दिसलं होतं. मैदानावरची ती एकच वेळ, ती माझ्याकडे बघत होती, हेल्मेट मागे सारून, धापा टाकत. म्हणूनच मी मान खाली घालून लिहायला लागलो होतो. मी म्हणालो, "हो."

"मला वाटलं, आज देशील."

एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. चूक झाली म्हणावं, तर ती सहा वर्षांपूर्वी म्हणायची होती. दादांची गोष्ट सांगावी, तर ती तिला पाठ आहे. मीच अभिमानाने सांगितलेली. डबा उघडा होता, त्यात ते पांढरं खोडरबर अजून होतं, एकदाही न वापरलेलं. पुढचा चेंडू पडला. सईच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने नजर मैदानावरच ठेवून हात माझ्याकडे पसरला, आणि मी दुसरी पेन्सिल टोक करून तिच्या हातात दिली.